खुर्द्याची गणती

यंदाच्या संक्रांतीला झालेल्या मराठी वक्तृत्व स्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक यांस,
ग्वाल्हेर.

सादर नमस्कार.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षात शिकते. मराठी साहित्य हा माझा एक विषय आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात, महाराज बाड्यापासून पायी दहा मिनिटांवर आमचं जुनं घर आहे. १४ जानेवारीला तुमच्या मंचावर पानिपताबद्दल बोलून जिनं दुसरं बक्षीस घेतलं, ती मी. हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण यात जे मागते आहे ते एकटीसाठी मागत नाही, आणि जे सांगते आहे ते आपल्यातल्या पुष्कळ घरांत असणार असं मला वाटतं. म्हणून उघड लिहिते.

आधी काय झालं ते सांगते. स्पर्धेच्या आठवडाभर आधी प्राथमिक फेरी होती. माझ्या सात मिनिटांच्या भाषणातली अडीच मिनिटं नाना फडणीसांच्या आईबद्दल होती. परीक्षकांपैकी एका काकांनी मला नंतर बाजूला बोलावलं. ते रागावले नाहीत, उलट फार मायेनं बोलले. "बेटा, आवाज चांगला आहे, पाठांतर चांगलं आहे. पण मधे ते रडगाणं आलंय ना, तेवढं काढून टाक. लोक इथे स्फूर्ती घ्यायला येतात." मी ते काढलं. त्या जागी पानिपताच्या वर्षभर आधी बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे घातले. "बचेंगे तो और भी लड़ेंगे" या वाक्याला आपल्या गावात टाळ्या पडतातच, मलाही पडल्या. खाली उतरल्यावर मैत्रिणींनी तोंडात गजक कोंबली. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. ज्या बाईसाठी मी ते भाषण लिहायला घेतलं होतं, तिचा मी मंचावर उल्लेखसुद्धा केला नव्हता.

नाना फडणीस म्हटलं की आपल्याला मोठेपणीचा नाना दिसतो. पगडी, शेला, साडेतीन शहाण्यांतला तो अर्धा. पण पानिपतावर जो नाना होता तो अठरा वर्षांचा होता, एकोणिसावं पुरं व्हायला महिना बाकी होता. म्हणजे आज माझं जे वय आहे तेच. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेकडे निघालेल्या मंडळींत यात्रेच्या ओढीनं निघालेली बायकामाणसं होती, त्यांत त्याची आई होती, बायकोही होती. १४ जानेवारी १७६१ ला दुपारनंतर सगळं मोडलं तेव्हा हा मुलगा पळाला. अंगावरचा वेश टाकला, पायी चालला, लपला. बरोबरची माणसं मारली गेली, तो वाचला. बायको पुढे सुखरूप मिळाली. आई मिळाली नाही.

हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याचं आत्मचरित्र अगदी थोडकं आहे. ज्या माणसानं पुढे इतकी वर्षं मराठी राज्याचा कारभार हाकला, त्यानं त्यात कारभाराबद्दल काही लिहिलेलं नाही. लहानपणची देवपूजा, तारुण्यातल्या मनातल्या विकारांची कबुली आणि पानिपतातून पळणं. मी किती शूर होतो, असं कुठेही नाही. मला ते वाचताना वाटत राहिलं की इतक्या हुशार माणसाला आयुष्यातलं सांगण्यासारखं काय आहे हे नक्की ठाऊक होतं, आणि त्यानं तेवढंच सांगितलं. त्याच गोष्टीला तुम्ही रडगाणं म्हणालात. तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. पण तो शब्द मला आजपर्यंत टोचतो आहे.

पहिल्या सत्रात आमच्या मॅडमनी फळ्यावर 'ट्रॉमा' असा शब्द लिहिला होता. मूळ ग्रीक, अर्थ जखम. आधी तो शरीराच्या जखमेलाच वापरत, मनाच्या जखमेला तो फार उशिरा लागू झाला. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांची स्थिती बघून अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये 'पीटीएसडी' हे नाव आपल्या पुस्तकात घातलं, हेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, मराठी शब्द शोधून आणा. वर्गात जवळजवळ सगळ्यांनी 'आघात' लिहून आणलं. मी घरी आजीला विचारलं. तिनं भाजी निवडता निवडता चार शब्द दिले: धसका, हाय, दातखीळ, आणि "मन उठून जाणं". मी विचारलं, धसका म्हणजे नक्की काय गं? ती म्हणाली, "धसका बसतो. तो निघत नाही. वरून माती बसते, बस."

तर हे शब्द आपल्याकडे होतेच. पानिपताची खबर ऐकून नानासाहेब पेशव्यांनी हाय खाल्ली आणि जून १७६१ मध्ये ते गेले, असं शाळेच्या धड्यात एका ओळीत असायचं. ती ओळ आम्ही पाठ केली, आणि 'हाय खाणे' हा वाक्प्रचार व्याकरणाच्या तासाला वेगळा पाठ केला. दोन्ही एकत्र कुणी वाचायला सांगितलं नाही.

आता आपल्या गावाबद्दल. पानिपतातून जी माणसं जीव घेऊन निघाली, त्यांतल्या कित्येकांना सूरजमल जाटाच्या राज्यात अन्न मिळालं, पांघरूण मिळालं, औषधपाणी मिळालं, आणि तिथून ती ग्वाल्हेरला पोचवली गेली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही ग्वाल्हेरपर्यंत आल्या. ऐन थंडीचे दिवस. आपली थंडी कशी असते ते आपल्याला माहीत आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी, कुठेतरी शेकोटीजवळ बसून ती माणसं एकमेकांना विचारत असतील, "आमचे कुठे दिसले का हो?" मी या गावात जन्मले, किल्ला रोज बघते, आणि हे मला अठराव्या वर्षी कळलं. लढाई शेकडो मैल लांब झाली, पण तिच्यानंतरचे पहिले हुंदके आपल्या गावानं ऐकले आहेत. मग आपल्या मंचावर फक्त लढाईच का असते?

त्या लढाईची खबर पेशव्यांना कशी कळली ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. नानासाहेब तेव्हा भेलशाच्या बाजूला, म्हणजे आजच्या विदिशाजवळ होते. सावकाराच्या सांकेतिक पत्रात मजकूर होता: दोन मोती गळाले, मोहरा इतक्या इतक्या गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आणि खुर्दा? खुर्दा म्हणजे सुटे पैसे. आपण बाजारात चिल्लर म्हणतो ते. शिपाई, पाणके, बाजारबुणगे, पालखीचे भोई, यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्या, नानाची आई.

सावकाराला दोष देत नाही. त्याला पत्र लवकर पोचवायचं होतं, आणि वाटेत कुणी फोडलं तर मजकूर कळू नये म्हणून आडपडद्यानं लिहायचं होतं. पण त्याला दोनशे पासष्ट वर्षं झाली. आता आपल्याला कसली घाई आहे? दरवर्षी आपण मंचावरून तेच पत्र पुन्हा वाचतो. मोती मोजतो, मोहरा मोजतो, आणि खुर्द्यापाशी आलो की घंटा वाजते.

आणि या गावानं तर हे मुळीच करू नये. महादजी शिंदे पानिपतातून पळत असताना एका अफगाण स्वारानं त्यांना गाठून पाय कायमचा अधू केला आणि मेलं समजून सोडून दिलं. त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवलं ते राणेखान नावाच्या भिस्त्यानं. पखालीनं पाणी वाहणारा माणूस. पत्राच्या भाषेत अगदी खुर्दा. महादजींनी त्याला पुढे भाई म्हटलं, मोठ्या हुद्द्यावर नेलं. तो भिस्ती त्या दिवशी त्या वाटेनं आला नसता तर पुढचं ग्वाल्हेर कुठून आलं असतं? आपलं लष्कर कुठून आलं असतं, जिथे तुमची स्पर्धा भरते आणि जिथे माझं घर आहे?

आता माझ्या घराबद्दल लिहिते. हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

माझे आजोबा झाशी रोडच्या एजी ऑफिसमधून निवृत्त झाले होते. आयुष्यभर हिशेब तपासले, निवृत्त झाल्यावर घरचा लिहीत बसले. लाल कापडी पाठीची लांबट वही, रोज रात्री जेवणानंतर चष्मा पुसून लिहायची. दूध, भाजी, पेपर, रिक्षा, मला दिलेले आइस्क्रीमचे पैसे. खाली शिल्लक. एप्रिल २०२१ च्या वहीचं शेवटचं पान मला तोंडपाठ आहे. दूध दीड लिटर. पेपर बंद. वाफेचं मशीन ३५०. ऑक्सिमीटर १,८५०. शिल्लक, आणि त्याच्यापुढे काही नाही. त्या रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. पुढच्या नऊ दिवसांत आम्हांला दोनदा फोनवर त्यांचा आवाज ऐकायला मिळाला. दहाव्या दिवशी पहाटे फोन आला तो त्यांचा नव्हता. बाबा एकटेच गेले. लक्ष्मीगंजच्या मुक्तिधामात त्यांना लांब उभं केलं होतं. घरी कुणी आलं नाही, येऊ शकत नव्हतं. मी तेव्हा आठवीत होते. त्या दिवशी दुपारी मी गणिताची वर्कशीट वेळेत अपलोड केली. ते मी का केलं हे मला अजून कळलेलं नाही. नंतर आमच्या घरात या विषयावर कुणीही बोललं नाही. वही देवघराच्या खालच्या कपाटात गेली.

आजी अजून कुंकू लावते. मंगळसूत्र घालते. पहिल्या वर्षी आत्यानं समजुतीनं काही सांगायचा प्रयत्न केला तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "मी बघितलं कुठे?" पुन्हा कुणी विषय काढला नाही. पण आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू असतं त्या दिवशी बायकांचे हात तिच्यापाशी येऊन अडखळतात. लावायचं की नाही? मग आजीच आपली आधीपासून आतल्या खोलीत जाऊन बसते. "मला गुडघ्यांमुळे बसवत नाही बाई." यंदाही बसली. मी तिळगुळाची वाटी घेऊन तिच्याजवळ गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि बाहेर हसण्याचे आवाज येत होते.

पार्वतीबाईंनीही बघितलं नव्हतं. रणांगणात भाऊसाहेबांचं म्हणून एक शव ओळखलं गेलं, त्याला अग्नी दिला गेला, पण ज्यांनी कुंकू लावायचं किंवा पुसायचं त्या बाईनं ते बघितलेलं नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही. मग भाऊसाहेब म्हणून एक माणूस पुढे आला. लोकांनी त्याला मानलं, गावंच्या गावं मानायला तयार झाली. शेवटी १७७६ मध्ये त्या तोतयाला मृत्युदंड दिला गेला. तोतयाची गोष्ट आपल्याकडे लबाडीची गोष्ट म्हणून सांगतात. ती लबाडी होतीच. पण इतक्या माणसांना ती खरी का वाटावी? मला आता वाटतं की एवढ्या साऱ्या घरांना कुणीतरी परत यायला हवं होतं. ज्याचं कुणी डोळ्यांनी बघितलं नाही त्याचं मरण मनात नीट होत नाही, ते अर्धं राहतं. हे मला कुठल्या सिद्धान्तातून कळलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आजीकडून कळलं. इतिहासाच्या पुस्तकात पार्वतीबाईंचा हट्ट म्हणून जे वाचलं होतं, तो हट्ट नव्हता हे मला त्या दिवशी दिसलं.

साहित्य कशासाठी वाचायचं, असं तुमच्यापैकी कुणी मला विचारलं तर माझ्याकडे आज एवढंच उत्तर आहे.

दुसरं एक पुस्तक आहे, तेही आपल्या गावाशी जोडलेलं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरावरचं कर्ज फेडायला म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशी पडली तेव्हा ते झाशीत होते. तिथल्या कत्तलीला ते 'बिजन' म्हणतात. घरात लपून बसणं, पाण्यासाठी तडफडणं, रस्त्यावरची प्रेतं, आणि लूट. ती लूट ते कशी सांगतात बघा. सोनंनाणं कुणी नेलं, भांडीकुंडी कधी गेली, कपडे कधी, धान्य कधी. जसा काही हिशेब लिहितात. राणीच्या ग्रंथालयाचा नाश झाला त्याचं त्यांना जे दुःख झालं तेही त्यातच आहे. मी वाचता वाचता थांबले, उठले, देवघराखालच्या कपाटातून आजोबांची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. ऑक्सिमीटर १,८५०. मला कळलं की माणूस भयानं गोठतो तेव्हा त्याला मोठी वाक्यं सुचत नाहीत. वस्तू मोजता येतात, म्हणून तो वस्तू मोजतो. सावकारानं मोती मोजले, भटजींनी भांडी मोजली, आजोबांनी दूध लिहिलं. आपल्या भाषेतलं दुःखाचं लिहिणं पुष्कळदा असं हिशेबाच्या रूपात आलं आहे, म्हणून आपल्याला ते दुःख म्हणून ओळखता आलं नाही.

गोडसे भटजींनी हे सगळं लगेच लिहिलं नाही. पंचवीस वर्षांनी, १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं. इतकी वर्षं ते डोक्यात घेऊन हा माणूस वरसईला पूजा सांगत होता. 'माझा प्रवास' छापून आला १९०७ मध्ये, भटजी गेल्यानंतर. इंग्रजांचं राज्य होतं, भीती खरी होती. वैद्यांनी भाषा बदलली, काही मजकूर गाळला. त्यांच्यामुळेच पुस्तक जन्माला आलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण भटजींनी जसं लिहिलं होतं तसं वाचायला मराठी माणसाला १९६६ पर्यंत थांबावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी मूळ मजकूर प्रसिद्ध केला तोवर. १९०७ ते १९६६. एकदा गाळलेलं परत यायला एकोणसाठ वर्षं लागली. "तेवढं काढून टाक" हे मला सांगितलं गेलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काढलं नसतं, असं मला वाटतं. निदान इतक्या पटकन काढलं नसतं.

त्याच पुस्तकात राणी लक्ष्मीबाई भेटतात त्या काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी, धुळीनं माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, तर त्या त्यांना शेंदू देत नाहीत, स्वतः शेंदून पितात. फुलबागेत घोड्यावर तलवार घेतलेली राणी मी लहानपणापासून बघत आले आहे, जूनमध्ये तिथे फुलं वाहायला शाळेतून रांगेत गेले आहे. पण त्या विहिरीपाशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई थकली असेल. तिच्याबद्दलचा आदर त्यानं कमी झाला नाही, वाढला. आणि चित्रांत पाठीशी बांधलेला तो मुलगा? राणी पडल्या तेव्हा दामोदरराव जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. पुढे मोजक्या माणसांबरोबर रानोमाळ भटकणं, मग शरण जाणं, मग इंदूरला पेन्शनवर राहणं. १९०६ पर्यंत तो जगला. त्या मुलाचं मन पुढची अठ्ठेचाळीस वर्षं कुठे राहत असेल, यावर भाषणाचा विषय ठेवावा असं आजवर कुणाला वाटलं नाही का?

आता मागणं.

तुमची स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. दत्ताजींचं वाक्य मलाही आवडतं, ते म्हणताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण पुढच्या १४ जानेवारीला स्पर्धेनंतर एक तास मोकळा ठेवा. त्या तासाला गुण नकोत, बक्षीस नको, घंटा नको. नाना फडणीसांच्या आत्मचरित्रातला पानिपताचा भाग कुणीतरी सावकाश वाचावा. गोडसे भटजींचा झाशीचा भाग वाचावा. आणि मग आपल्यापैकी ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरातला एखादा कागद आणावा. जुनं पत्र, हिशेबाची वही, आजीच्या हातची यादी, दवाखान्याची चिठ्ठी. त्यावर बोलायलाच हवं असं नाही. नुसतं वाचलं तरी चालेल. लष्करातल्या, जीवाजीगंजातल्या, दौलतगंजातल्या आपल्या मराठी घरांत असे किती कागद रद्दीत गेले असतील याचा विचार केला की मला घाबरायला होतं. आपली मुलं आता घरातसुद्धा अर्धं हिंदीत बोलतात, मीही बोलते. ही माणसं गेली की ते कागद वाचणारंही कुणी राहणार नाही.

माझं दुसरं मागणं छोटं आहे. परीक्षकांच्या कागदावर 'जोश' असा एक रकाना आहे, दहा गुणांचा. तो काढा, किंवा त्याच्या शेजारी दुसरा एक ठेवा. त्याला काय नाव द्यायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ठरवाल. एखाद्या मुलीचा आवाज बोलता बोलता खाली गेला, ती जरा थांबली, तर तिचे गुण जाऊ नयेत एवढंच.

आणखी एक झालं ते सांगते आणि पत्र संपवते. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजीला नानाच्या पळण्याचा भाग वाचून दाखवला, जो तुमच्या मंचावर वाचला नव्हता तो. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. संपल्यावर म्हणाली, "मग आई सापडली का त्याची?"

"नाही."

"त्यानं शोधलं ना पण?"

"शोधलं आजी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती वही तू काढलीस ना कपाटातून? मला दिसली होती तुझ्या टेबलावर. आण बरं इकडे." मी आणली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं ती हातात घेतली. शेवटचं पान उघडलं, चष्मा वर-खाली करून वाचलं, आणि त्या दीड लिटरवर बोट ठेवून म्हणाली, "हे चुकलंय त्यांचं. तेव्हा एकच लिटर घेत होतो आपण. दूधवाला वाड्यात शिरत नव्हता, मी खाली जाऊन पातेलं ठेवायची." मग तिनं त्या दिवसांतलं सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, दारातच उभे राहिले, आणि बूट न काढता तिथेच खाली बसून ऐकत राहिले.

पुढच्या वर्षी ती वही घेऊन यायला आजी तयार आहे. फक्त तिला जिना चढवत नाही. कार्यक्रम खालच्या हॉलमध्ये ठेवता आला तर बघा.

आपली,
बी.ए. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
लष्कर, ग्वाल्हेर